बहुपदींची बेरीज आणि वजाबाकी: कंसाबाहेरचं वजा आत गेल्यावर नक्की काय होतं

माझ्याकडे संध्याकाळी सातवी ते नववीची मुलं गणिताला येतात, काही मराठी माध्यमाची काही सेमी इंग्लिशची, आणि दरवर्षी बहुपदी सुरू झाली की वह्यांमध्ये त्याच तीन चुका दिसतात. ३क्ष + ५ चे ८क्ष होतात, ३क्ष² + ४क्ष² चे ७क्ष⁴ होतात, आणि वजाबाकीत कंसाच्या फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलतं, बाकीची तशीच राहतात. मुलं हुशार असतात, नियम पाठही असतो, पण नियम कुठून आला ते कोणी सांगितलेलं नसतं म्हणून घाईत हातातून सुटतो. तर हे घरी आपल्या मुलांना शिकवणाऱ्या आईबाबांसाठी, आणि स्वतः शिकणाऱ्या मुलांसाठीही, जरा सविस्तर लिहितेय. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे क्ष आणि य वापरतेय, क्ष ही आपल्याकडे अज्ञात गोष्टीची खूणच आहे, क्ष-किरण म्हणतो ते त्याच अर्थाने.

आधी शब्द, पटकन. ४क्ष² + ३क्ष − ७ ही एक बहुपदी. तिच्यात तीन पदं आहेत: ४क्ष², ३क्ष आणि −७. क्ष हा चल, ४ आणि ३ हे सहगुणक (सेमीवाले कोइफिशंट म्हणतात), वरचा छोटा २ हा घातांक, आणि −७ हे स्थिर पद. सगळ्यात मोठा घातांक म्हणजे बहुपदीची कोटी, इथे २. घातांक ०, १, २, ३ असे पूर्णच हवेत, क्ष छेदात किंवा वर्गमुळात असेल तर ती बहुपदी नाही. एवढं पुरे. फक्त एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या, चिन्ह हे पदाचं असतं. −७ हे पद आहे, ७ नाही. पद उचलून दुसरीकडे नेलं तर त्याच्या डावीकडचं चिन्ह सोबत जातं. मी मुलांना पेन्सिलीने प्रत्येक पदाभोवती गोल काढायला लावते आणि गोलात चिन्ह आलंच पाहिजे असं सांगते, पहिले आठ दिवस तरी. आणि नुसता क्ष लिहिला असेल तर तो १क्ष आहे, नुसता −क्ष म्हणजे −१क्ष, हा न दिसणारा १ विसरला की ५क्ष − क्ष चं उत्तर ५ येतं. ते ४क्ष आहे.

आता बेरीज. दुसरीत आपण काय शिकलो होतो? एककाखाली एकक, दशकाखाली दशक, शतकाखाली शतक. ४२३ अधिक ३५२ करताना ४ मध्ये ५ कोणी मिळवत नाही कारण ४ शतक आहेत आणि ५ दशक आहेत, जात वेगळी आहे. बहुपदीची बेरीज हीच आहे, अक्षरशः हीच. ४२३ म्हणजे ४ × १०² + २ × १० + ३, तिथे १० च्या जागी क्ष ठेवला की ४क्ष² + २क्ष + ३ झालं. त्यात ३क्ष² + ५क्ष + २ मिळवले तर ७क्ष² + ७क्ष + ५, आणि तिकडे ७७५. ज्या मुलाला ४२३ + ३५२ येतं त्याला हे येतंच, त्याला फक्त ते सांगावं लागतं.

उलट हे सोपं आहे, कारण इथे हातचा नाही. ४७ + ३८ करताना ७ आणि ८ चे १५ होतात, ५ खाली मांडून १ हातचा दशकाकडे देतो. ४क्ष + ७ मध्ये ३क्ष + ८ मिळवले तर ७क्ष + १५, संपलं, १५ चा हातचा काढता येत नाही कारण क्ष किती आहे हेच माहीत नाही, दहा असेल, बारा असेल, अर्धाही असेल, मग १५ एककांमधून किती क्ष बांधायचे ते कसं ठरवणार? म्हणून ज्याचं त्याच्या घरात राहतं. वजाबाकीतही हातचा घ्यायची भानगड नाही, वरचा आकडा लहान असेल तर सरळ ऋण उत्तर लिहायचं.

ज्या पदांमध्ये चल तेच आणि त्यांचे घातांकही तेच ती सजातीय पदं, लाइक टर्म्स. शब्द बघा किती चांगला आहे, सजातीय, एका जातीची. हा विचार फार जुना आहे आणि आपल्या अगदी जवळचा आहे. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ लिहिला ११५० मध्ये, बीजगणित हा त्याचाच भाग, आणि त्यात अव्यक्त राशींच्या, म्हणजे अज्ञात संख्यांच्या, बेरजेचा नियम हाच दिलाय की समान जातीच्यांचीच बेरीज आणि वजाबाकी होते, वेगळ्या जातीच्या असतील तर त्या नुसत्या शेजारी वेगळ्या मांडून ठेवायच्या. आम्ही जळगावकडचे, तिथे चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता त्याचाही उल्लेख आहे. मुलांना मी हे आवर्जून सांगते, की तुम्ही आज वहीत जे करताय ते आपल्याच भागात आठशे वर्षांपूर्वी मुलं शिकत होती. मुलं सरळ बसतात ऐकताना.

तर ३क्ष + ५ चं पुढे काही होत नाही, ते तसंच राहतं, तेच उत्तर आहे. मुलांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं मध्ये अधिकचं चिन्ह शिल्लक आहे म्हणजे गणित अर्धवट राहिलं, पाचवीपर्यंत प्रत्येक उत्तर एकच आकडा यायचा ना, त्याची सवय. त्यांना सांगा की ३क्ष + ५ हा एकच नग आहे, जसं तीन किलो पाचशे ग्रॅम हे एकच वजन आहे. (किलोग्रॅमचं उदाहरण थोडंसंच ताणा, कारण तिथे १००० ग्रॅमचा एक किलो होतो, इथे तसं रूपांतर नाही.)

३क्ष² + ४क्ष² = ७क्ष⁴ ही चूक गुणाकारातून येते. क्ष² × क्ष² केलं तर घातांकांची बेरीज होते आणि क्ष⁴ येतो, ते बरोबरच आहे, पण बेरजेत आपण मोजतोय, गुणत नाहीये. तीन शतक आणि चार शतक मिळून सात शतकच होतात, दहाहजार होत नाहीत. शतकं म्हणून बघितलं की मूल स्वतःच खोडतं.

शब्दांनी पटत नसेल तर पुठ्ठा घ्या. मी जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापून घेतलेत, पुठ्ठा जाड असतो, चांगले टिकतात. छोटा चौकोन २ सेंटिमीटरचा, तो झाला १. पट्टी ७ सेंटिमीटर लांब आणि २ रुंद, ती क्ष. मोठा चौकोन ७ बाय ७, तो क्ष². पट्टी ७ च का, तर ८ घेतली तर मुलं चार छोटे चौकोन शेजारी लावून बघतात आणि क्ष म्हणजे ४ असं ठरवूनच टाकतात, मग सगळं ओमफस होतं. ७ घेतली की छोटे चौकोन नीट बसत नाहीत, तीन कमी पडतात चार जास्त होतात, मग क्ष ची किंमत माहीत नाही हे हाताला कळतं. प्रत्येक तुकड्याची मागची बाजू लाल रंगवायची, लाल म्हणजे ऋण. एक सरळ आणि एक लाल, त्याच आकाराचे, एकत्र आले की शून्य, उचलून बाजूला ठेवायचे. आता ४क्ष² + ३क्ष − ७ मांडा, २क्ष² − ५क्ष + १० मांडा, आणि सगळं एकत्र करा. मोठे चौकोन सहा. पट्ट्या तीन सरळ, पाच लाल, तीन जोड्या गेल्या, दोन लाल उरल्या. छोटे सात लाल, दहा सरळ, सात जोड्या गेल्या, तीन सरळ उरले.

(४क्ष² + ३क्ष − ७) + (२क्ष² − ५क्ष + १०) = ६क्ष² − २क्ष + ३

चौकोन आणि पट्टी एकत्र मोजायचं कोणाच्या मनातही येत नाही कारण आकारच वेगळा आहे. चार-पाच गणितं अशी केली की पुठ्ठा आपोआप सुटतो, जबरदस्तीने काढून घेऊ नका.

वहीत हेच दोन प्रकारे मांडतात. आडव्या मांडणीत दोन्ही कंस एका ओळीत लिहायचे, बेरीज आहे म्हणून कंस काढले तरी काही बदलत नाही, मग सजातीय पदं जवळ आणायची, प्रत्येकाचं चिन्ह त्याच्यासोबत, आणि सहगुणकांची बेरीज करायची. मोठ्या गणितात पद राहून जातं, म्हणून वर्गाच्या पदांखाली एक रेघ, क्ष च्या पदांखाली दोन रेघा, स्थिर पदाखाली नागमोडी रेघ अशी खूण करा, कुठल्या पदाखाली रेघ राहिली ते लगेच दिसतं. उभी मांडणी मला स्वतःला जास्त आवडते, कारण चुका कमी होतात, पण तिची एक अट आहे, दोन्ही बहुपदी आधी घातांकाच्या उतरत्या क्रमाने लावायच्या आणि जो घातांक नाही तिथे शून्य लिहायचं. समजा ५क्ष³ − २क्ष + ९ मध्ये ४क्ष² + ७क्ष − ३ मिळवायचेत, पहिलीत वर्गाचं पद नाही आणि दुसरीत घनाचं नाही:

५क्ष³ + ०क्ष² − २क्ष + ९
०क्ष³ + ४क्ष² + ७क्ष − ३
५क्ष³ + ४क्ष² + ५क्ष + ६

शून्य नाही लिहिलं तर मूल ४क्ष² थेट ५क्ष³ च्या खाली मांडतं आणि ९ करून मोकळं होतं. ५०७ मधलं शून्य गाळलं तर ५७ होतात, तसंच हे. सवय झाली की चल लिहायचीही गरज नाही, नुसते सहगुणक (५, ०, −२, ९) आणि (०, ४, ७, −३), बेरीज (५, ४, ५, ६). नववीच्या पुस्तकात याला सहगुणक रूप म्हणतात. जुन्या भारतीय बीजगणितातही अशीच मांडणी होती, समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक, वर्गाच्या खाली वर्ग, आणि नसलेल्या पदाच्या जागी शून्य. अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणायचे, म्हणजे जेवढं असेल तेवढं, त्याचं लघुरूप या, तिच्या वर्गाचं याव, आणि स्थिर पदाला रूप म्हणून रू. ऋण आकड्याच्या डोक्यावर टिंब द्यायचे. अधिक-वजाची चिन्हं आजच्यासारखी नव्हती, पण रकाने होते, आणि शून्य होतं.

आता खरं काम, वजाबाकी. इथे घाई करू नका, बेरजेला दोन दिवस दिले तर हिला चार द्या.

मी फराळाच्या ऑर्डरचं उदाहरण घेते कारण आमच्या गल्लीतल्या बायका दिवाळीला चकली-लाडू करून विकतात आणि मुलांनी ते हिशोब बघितलेत. चकलीच्या एका पाकिटाची किंमत क्ष रुपये, लाडवाच्या पाकिटाची य रुपये. (किंमत बरं का, क्ष म्हणजे चकली नाही. म्हणूनच मी मुद्दाम च आणि ल घेत नाही, च घेतला की मुलं ७च म्हणजे सात चकल्या असं वाचतात आणि पुढे समीकरणात अडकतात. अक्षर नेहमी संख्येसाठी असतं, वस्तूसाठी नाही.) दिवसभरात सगळ्या ऑर्डरींचं एकूण बिल झालं ७क्ष + ५य + ६०, त्यातले ६० हे घरपोचचे पैसे आणि दिलेली सूट यांचा हिशोब धरून. रात्री एका ताईंचा फोन आला, त्यांची ऑर्डर रद्द. त्यांची ऑर्डर होती २क्ष + ३य − २०, त्या दरवर्षी घेतात म्हणून २० रुपये सूट दिली होती. आता एकूण किती राहिले?

(७क्ष + ५य + ६०) − (२क्ष + ३य − २०)

मुलांना विचारा. दोन चकली पाकिटांचे पैसे कमी करायचे, बरोबर. तीन लाडू पाकिटांचे कमी करायचे, बरोबर. आणि त्या २० चं काय? बहुतेक वेळा कोणीतरी स्वतःच म्हणतं, ऑर्डरच गेली तर सूट कशाला राहील, ते वीस परत मिळाले. झालं. तेच ते चिन्ह बदलणं. ऑर्डर रद्द म्हणजे पूर्ण ऑर्डर रद्द, तिच्यातली सूटसुद्धा, कमी केलेले वीस आता कमी करायचे नाहीत म्हणजे ते परत मिळवायचे:

७क्ष + ५य + ६० − २क्ष − ३य + २० = ५क्ष + २य + ८०

मग आकडे घालून दाखवा. चकली ९० ला पाकीट आणि लाडू १२० ला धरा. एकूण बिल ६३० + ६०० + ६० म्हणजे १२९०. रद्द ऑर्डर १८० + ३६० − २० म्हणजे ५२०. राहिले ७७०. आणि आपल्या उत्तरात ४५० + २४० + ८० म्हणजे ७७० च. ज्याने −२० तसंच ठेवलं त्याचं ५क्ष + २य + ४० आलं असेल, म्हणजे ७३०, हिशोबात ४० रुपये कमी. वीसची चूक चाळीसची का झाली हेही विचारा, छान प्रश्न आहे, मुलं थोडा वेळ घेतात पण सांगतात, वीस परत द्यायच्या ऐवजी अजून वीस काढले म्हणून.

कंसाबाहेरचं वजा म्हणजे सगळा कंस वजा, त्यात जे जे आहे ते ते, कोणी सुटत नाही. पहिल्या पदाला चिन्ह लागून दिसतं म्हणून मुलांना वाटतं ते फक्त त्याचं आहे. पण ते कंसाचं आहे, कंस म्हणजे एक पिशवी, पिशवी परत केली की आतलं सगळं परत गेलं. हा नियमसुद्धा भास्कराचार्यांकडे याच शब्दांच्या अर्थाने आहे, की वजा करायची राशी धन असेल तर ऋण होते, ऋण असेल तर धन होते, आणि मग सांगितल्याप्रमाणे बेरीज करायची. त्यांच्याही आधी ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम लिहिलेत, धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज, आपण आजही तेच शब्द वापरतो आणि अर्थाकडे लक्ष देत नाही. किराणा दुकानात तुमच्या नावावर ५० ची उधारी आहे आणि दुकानदाराने ती खोडली, तर तुम्ही ५० नी वर आलात, खिशात एक रुपयाही न येता. ऋण वजा केलं की वाढ होते ते असं.

पुठ्ठ्याने दाखवायचं असेल तर ३ − (−२) मांडा. तीन सरळ चौकोन आहेत, त्यातून दोन लाल उचलायचेत, पण लाल नाहीतच. मग काय करायचं, तर दोन जोड्या आणून ठेवायच्या, एक सरळ एक लाल, जोडीची किंमत शून्य म्हणून ठेवल्याने काही बदलत नाही. आता लाल दोन आहेत, उचला. उरले पाच सरळ. हे मुलाच्या हाताने व्हायला हवं, तुम्ही करून दाखवलंत तर जादू वाटते, त्याने केलं तर कारण वाटतं.

वहीत करताना मी एक पायरी सक्तीची ठेवते. वजाबाकीचं गणित आलं की पुढच्याच ओळीत ती बेरीज म्हणून परत लिहायची, दुसऱ्या कंसातलं प्रत्येक चिन्ह उलटं करून, आणि त्या ओळीत दुसरं काहीही करायचं नाही, पदं एकत्र करायची नाहीत, क्रम लावायचा नाही. एका ओळीत एकच काम. चुका होतात त्या दोन कामं एकदम केल्याने.

(६क्ष² − ४क्ष + १) − (२क्ष² − ७क्ष + ५)
= ६क्ष² − ४क्ष + १ − २क्ष² + ७क्ष − ५
= ६क्ष² − २क्ष² − ४क्ष + ७क्ष + १ − ५
= ४क्ष² + ३क्ष − ४

दुसऱ्या कंसातलं २क्ष² च्या आधी चिन्ह दिसत नाही, पण तिथे अधिक आहे, म्हणून ते वजा झालं. उभ्या मांडणीत हेच खालच्या ओळीच्या प्रत्येक पदाखाली नवं चिन्ह लिहून करतात, ते लाल पेनने लिहा आणि जुनं चिन्ह त्याच वेळी खोडा, नाहीतर दोन चिन्हांपैकी कुठलं घ्यायचं हा गोंधळ परीक्षेत नक्की होतो.

उत्तर तपासायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही शिकवा. एक, उत्तर आणि वजा केलेली बहुपदी यांची बेरीज करा, वरची बहुपदी परत आली पाहिजे: ४क्ष² + ३क्ष − ४ मध्ये २क्ष² − ७क्ष + ५ मिळवले की ६क्ष² − ४क्ष + १, आली. दुसरा, क्ष ला कुठलीतरी किंमत द्या आणि दोन्हीकडे बघा. क्ष = २ घेतला तर पहिली १७, दुसरी −१, फरक १८, आणि उत्तरात १६ + ६ − ४ = १८. ज्याने फक्त पहिलं चिन्ह बदललं त्याचं ४क्ष² − ११क्ष + ६ आलं असेल, तिथे २ घातले की ० येतात, लगेच कळतं. पण एक सांगते, तपासायला क्ष = १ घेऊ नका. खूप जण सोपं म्हणून १ घेतात, आणि ३क्ष² + ४क्ष² = ७क्ष⁴ ही चूक त्यात पकडलीच जात नाही, कारण १ चा कुठलाही घात १ च, दोन्हीकडे ७ येतात आणि मूल खुशीत बरोबरची खूण करतं. ० घेतला तर फक्त स्थिर पद तपासलं जातं. २ घ्या, नाहीतर सरळ १० घ्या, १० ने आकडे पटकन लिहिता येतात.

सेमीच्या मुलांची एक वेगळी अडचण आहे आणि ती गणिताची नाही, भाषेची आहे. मराठीत आपण म्हणतो ५क्ष मधून ३क्ष वजा करा, ज्यातून काढायचं ते आधी, क्रम सरळ. इंग्लिशमध्ये सबट्रॅक्ट ३क्ष फ्रॉम ५क्ष, आधी आलेलं पद मागे जातं. मूल वाचेल त्या क्रमाने लिहितं आणि सगळी चिन्हं उलटी येतात. फ्रॉम शब्दाभोवती गोल काढायचा आणि त्याच्या पुढे जे आहे ते आधी लिहायचं, एवढंच. तसंच ३क्ष² − क्ष + ४ मध्ये किती मिळवले म्हणजे क्ष² + ५क्ष येईल असा प्रश्न आला की मिळवले हा शब्द बघून मुलं बेरीज करतात. तिथे ७ मध्ये किती मिळवले म्हणजे १० असं आधी विचारा, ३ म्हणतील, कसं काढलं विचारा, १० मधून ७ वजा करून म्हणतील, मग इथेही तेच: (क्ष² + ५क्ष) − (३क्ष² − क्ष + ४) = −२क्ष² + ६क्ष − ४.

दोन चल असलेल्या बहुपदींना वेगळं काही नाही, फक्त जात ओळखताना डोळे उघडे हवेत. अब आणि बअ एकच, गुणाकाराचा क्रम बदलला तरी फरक नाही, पण अ²ब आणि अब² वेगळे. ३अ²ब − २अब² + ५अब मध्ये −अ²ब + ४बअ − ६अब² मिळवले तर २अ²ब − ८अब² + ९अब. पटत नसेल तर अ = २, ब = ३ घ्या, अ²ब होतं १२ आणि अब² होतं १८, मग एकाच जातीचे कसे?

कंसात कंस आला तर आतून बाहेर या. ८क्ष − [३क्ष − (क्ष − ५)] मध्ये आधी आतला कंस सोडवा, ३क्ष − क्ष + ५ म्हणजे २क्ष + ५, मग बाहेरचा, ८क्ष − २क्ष − ५, उत्तर ६क्ष − ५. पाचचं चिन्ह दोनदा बदललं बघा, −५ चं +५ आणि परत −५.

सरावाला थोडी गणितं देते, ही आधी मुलांना करू द्या. (५क्ष² − क्ष + ६) + (−२क्ष² − ४क्ष − ९), उत्तर ३क्ष² − ५क्ष − ३. (२क्ष³ + ७) − (क्ष³ − ३क्ष² + ७), उत्तर क्ष³ + ३क्ष², इथे शून्य लिहून उभी मांडणी करा. एका त्रिकोणाची परिमिती ९क्ष + ४, दोन बाजू ३क्ष − १ आणि ४क्ष + २, तिसरी बाजू काढा. यात आधी दोन बाजूंची बेरीज ७क्ष + १ आणि मग वजाबाकी, तिसरी बाजू २क्ष + ३. जो बेरीज न करता एकेक बाजू वजा करेल त्याचंही बरोबर येतं, पण त्याला दोन कंसांची चिन्हं सांभाळावी लागतात.

आणि एक जे मी नेहमी शेवटी ठेवते:

(क्ष² + २क्ष) + (३क्ष² − क्ष + ८) − (४क्ष² − ५क्ष + ८)

वर्गाची पदं १ + ३ − ४, शून्य. स्थिर पदं ८ − ८, शून्य. क्ष ची पदं २ − १ + ५, सहा. उत्तर नुसतं ६क्ष. मुलं दोनदा तीनदा तपासतात, त्यांना वाटतं एवढ्या मोठ्या गणिताचं उत्तर एवढंसं कसं, काही जण ०क्ष² + ६क्ष + ० लिहून ठेवतात. ते चूक नाही, पण उत्तरात शून्याची पदं लिहीत नाहीत, ती मांडणीपुरतीच. तिन्ही बहुपदींची कोटी २ होती आणि उत्तराची कोटी १ आली, असं होऊ शकतं, कारण मोठ्या घाताची पदं एकमेकांना काढून टाकू शकतात. कोटी वाढणं मात्र बेरीज-वजाबाकीत कधीच होत नाही. का होत नाही ते त्यांनाच विचारा, पुठ्ठ्याचे तुकडे समोर ठेवून.